तुम्ही यायचं ठरवलंत तर

पनवेल, २६ मे २०१५

परेशचे बाबा,

पोराचं नाव तुम्ही घरात काढू देत नाही, तरी अशी सुरुवात केली म्हणून कागद फाडू नका. खाली तुमच्या प्रेशरच्या गोळ्या कुठे ठेवल्यात ते लिहिलं आहे.

तुम्ही पळस्प्याला काशिरामच्या टपरीवर बसला असाल. मी निघते आहे. काल विचारलं तेव्हा तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात आणि मग म्हणालात, "जायाचा तं जा. मना फोन करू नको." ठीक आहे, फोन करणार नाही. पत्र लिहू नको असं काही तुम्ही म्हणाला नाहीत.

पोरगा जहाजाच्या इंजिनात उतरताना शिडीवरून पडला, डोक्याला मार लागला. जहाजवाल्यांनी त्याला कोरिया देशात, बुसान नावाच्या बंदरात हॉस्पिटलात ठेवलं आणि जहाज पुढे गेलं. तो शुद्धीवर नाही. कंपनी घरच्या एका माणसाचं तिकीट देते. दोघांचं देत असते तर तुम्हाला न विचारता मी तुमचंही नाव घातलं असतं.

दुबईच्या सहलीला काढलेला पासपोर्ट कामाला आला. तुमचा कपाटात आहे, माझ्या लुगड्यांच्या खाली. गोळ्या देवाच्या फळीवर ठेवल्यात, म्हणजे तिकडे बघणं तरी होईल. मिक्सर बिघडला आहे. ठेचा हवा तर पाट्यावर वाटून घ्या, हात झडणार नाहीत.

परक्या ठिकाणी माझा घसा धरतो. म्हणून माळ्यावरच्या डब्यातली चार हळकुंडं कुटून घेतली. तोच डबा, परेशच्या मोडलेल्या लग्नाचा. तीन पावसाळे गेले तरी कीड लागलेली नाही.

रंभा


बुसान, २९ मे

परेशचे बाबा,

पोचले. तो आहे. श्वास मशीन घेतं, पण छाती हलते. मी नाव घेऊन हाक मारली, काही झालं नाही. मीही काही केलं नाही, बाजूला उभी राहिले. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

इथे कंपनीच्या एजंटचा माणूस आहे, फर्नांडिस. मूळचा गोव्याचा, केस पिकलेले, इथल्याच बाईशी लग्न करून राहिलेला. तो या पत्राचा मोबाइलवर फोटो काढून आपल्या कल्पेशला पाठवेल. कल्पेश ते झेरॉक्सच्या दुकानात छापून तुमच्या हातात देईल. दुकानदाराने वाचलं तर वाचू दे. पुतण्याला ओरडू नका, मी सांगितलं म्हणून तो करतो.

तुम्ही यायचं ठरवलंत तर, म्हणून लिहून ठेवते. नाही आलात तर कागद वाया गेला, एवढंच.

विमानात मोजे घालून बसा. पाय सुजतात, अधूनमधून उठून चाला, लाज बाळगू नका, कुणी बघत नाही. कान दुखले की खडीसाखर चघळा. प्रेशरच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. माझी मोठी बॅग एक दिवस उशिरा आली. दुबईला तुम्ही हॉटेलचं थंडगार सरबत प्यालात आणि वाळवंट बघायच्या दिवशी खोलीत पोट धरून बसलात, ते आठवा. मधे हाँगकाँगला विमान बदलायचं असतं. तिथे कुणाला विचारायची लाज वाटली तर नुसतं तिकीट दाखवा. मला सगळ्यांनी नीट सांगितलं.

रंभा


बुसान, ४ जून

परेशचे बाबा,

कल्पेशचा फोन फर्नांडिसच्या मोबाइलवर आला. म्हणाला, काकांनी पहिलं पत्र उशीखाली ठेवलंय, दुसरं चष्मा लावून वाचलं, आणि म्हणाले, "तिला इचार, तिकडं भात मिलतो काय."

मिळतो. चिकट असतो, आपल्या इंद्रायणीसारखा, आणि तो काड्यांनी खातात. मी चमच्याने खाते. सोबत कोबीचं लालभडक लोणचं देतात, प्रत्येक जेवणाला. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. परेशला तर साधी मिरचीसुद्धा झोंबते, हा पोरगा असल्या देशांत काय खात असेल असं मनात आलं. मग आठवलं की सध्या तो नळीने जेवतो.

स्वतःसाठी विचारलंत की माझ्यासाठी, ते कळलं नाही. दोन्हीचं उत्तर दिलं.

रस्त्याचं सांगते, कारण इथे जिवाला धोका तिथेच आहे. इथे गाड्या उलट्या बाजूने धावतात. आपण सवयीने आधी उजवीकडे बघतो आणि गाडी डावीकडून येते. पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या बाईने माझा दंड धरून मागे ओढलं आणि तिच्या भाषेत चांगल्या शिव्या दिल्या. शिव्या कळतात, कुठल्याही भाषेत. आता मी दोन्हीकडे दोनदा बघते.

विमानतळावरून उंच पुलावरून जाणारी छोटी आगगाडी असते. तिच्यातून उतरलं की हिरव्या पट्ट्याची, मग नारिंगी पट्ट्याची. नारिंगीत बसायच्या ठिकाणी दोन जिने लागतात, पळस्पे फाट्यावर गोव्याचा आणि पुण्याचा रस्ता सुटतो तसे. चुकलात तर उलट्या टोकाला जाल. समुद्राकडे जायचं आहे हे डोक्यात ठेवा. फर्नांडिस म्हणतो, "बाई, वाचता येत नाही तर रंग बघा, रंग खोटं बोलत नाहीत." गाडीत म्हाताऱ्यांच्या जागा वेगळ्या आहेत. तुम्ही पासष्टचे आहात, बिनधास्त बसा, केसांना कलप लावून येऊ नका.

हॉस्पिटलच्या आधीच्या स्टेशनाजवळ मासळी बाजार आहे. मी तो वासावरून शोधला. बायका पाटावर बसून मासळी साफ करतात, डोक्याला फडकं, हातात रबरी मोजे. सुकटीचे ढीग, बोंबलासारखं काहीतरी वाळत घातलेलं. एक बाई माझ्याएवढीच आहे. तिने मला पाटाचं टोक बसायला दिलं. आम्ही बोलत नाही, मी तिला लहान मासळी निवडून देते. परेशला भेटायला सकाळी थोडाच वेळ सोडतात. बाकीचा दिवस कुठे घालवायचा, म्हणून तिथे बसते. हाताला काम असलं की बरं वाटतं असंही नाही. पण हात हलतात.

परेश तसाच.

रंभा


बुसान, १० जून

परेशचे बाबा,

टीव्हीवर तुम्ही बघितलं असेल. इथे मर्स नावाचा ताप आला आहे, उंटावरून आलेला म्हणतात. हॉस्पिटलातूनच पसरतो. आता दारात बाई उभी असते, कानात यंत्र घालून ताप बघते. साडेसदतीसच्या वर आकडा गेला किंवा कुणी खोकलं की आत सोडत नाहीत. तोंडाला फडकं बांधायचं, हात औषधाने चोळायचे. एका रोग्याचा एकच माणूस, तोही सकाळी एकदाच.

म्हणजे मला आजारी पडून चालणार नाही. दुसरं कसलंही भय आता वाटत नाही, पण शिंक आली की नाक दाबून धरते. सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यात हळद टाकून गुळण्या करते आणि तेच पाणी पिते. उन्हात जात नाही. बाजारातल्या बाईने आज माझ्या गळ्याला हात लावून बघितला, मान हलवली, ठीक आहे म्हणाली असावी. तिच्या शेजारची खोकत होती, म्हणून मी आज लांब बसले. वाईट वाटलं, पण लांबच बसले.

काल एक चूक झाली. हॉस्पिटल टेकाडावर आहे, स्टेशनातून बाहेर आलं की चढच चढ. उशीर होतोय म्हणून मी भराभरा चढले. दारात यंत्र लावलं तर आकडा वर. मी म्हटलं, ताप नाही हो, चढून आले, अंग तापलंय. कुणाला मराठी कळणार? परत पाठवलं. बाहेर झाडाखाली बसले. अंग निवलं तेव्हा भेटायची वेळ संपली होती. काल मी त्याला बघितलं नाही.

तुम्ही यायचं ठरवलंत तर चढ हळू चढा. झाडाखाली बाक आहे, तिथे बसा, पाणी प्या, घाम पुसा, मग दारात जा. तुमचं प्रेशर आणि तुमचा राग, दोन्हींनी अंग तापतं. राग स्टेशनातच ठेवून या.

रंभा


बुसान, १५ जून

परेशचे बाबा,

इथे परवा मोठा गोंधळ झाला, आणि तो माझ्यामुळे झाला. कल्पेशला फर्नांडिसकडून कळलंच असेल, तर तिखटमीठ लावलेलं ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐका.

शनिवारी डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं. पाणी दिलं. फर्नांडिस एकेक वाक्य सांगत होता आणि चष्मा पुसत होता. डोक्यातली सूज उतरत नाही. आता काही करण्यासारखं उरलं नाही, शरीर चाललंय तोवर चालेल. मी विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, आम्हाला सांगता येत नाही. मी बरं म्हटलं. पाणी पिऊन ग्लास जागेवर ठेवला. मला वाटलं होतं मी ओरडेन.

मग आत गेले. नर्स पडद्यापलीकडे होती. कमरेच्या रुमालात हळदीची चिमूट होती, गुळण्यांसाठी बांधलेली. हात चोळायचं औषध खाटेला अडकवलेलं असतं, त्यातच कालवली. पावलांना लावली, गुडघ्यांना लावली, खांद्यांना, मग गालाला. धवलारणीसारखं मला काही गाता येत नाही. लग्नात ती गाते तेव्हा आपण मागे हूं हूं करतो, तेवढंच केलं, फडक्याच्या आत. कुणाला ऐकू गेलं नाही.

तुम्ही म्हणाल, बाई खुळावली. नाही. आपल्यात हळद लागलेला नवरा लग्न लागेपर्यंत वेशीबाहेर पाऊल टाकत नाही. तुमच्या हळदीला तुम्ही शेजारच्या गावात फटाके आणायला जात होतात, तर सासूबाईंनी दारात आडवा हात घातला होता. परेश तेव्हा हळदीच्या आदल्या दिवशी जहाजावर निघून गेला म्हणून जाऊ शकला. एक दिवस थांबला असता, अंगाला हळद लागली असती, तर जहाजाचं बोलावणं येवो नाहीतर आणखी कुणाचं, त्याला मी दाराबाहेर जाऊ दिलं नसतं. म्हणून लावली. त्याने जाऊ नये म्हणून लावली.

संध्याकाळी पाळी बदलली. नव्या नर्सने चादर उचलली, पिवळे पाय बघितले, पिवळा गाल बघितला, आणि आरडाओरड. कावीळ! डॉक्टर धावले, रक्त काढलं, पोटावर यंत्र फिरवलं. लिव्हर ठणठणीत निघालं. मग एकीने कापसाने पाऊल पुसलं तर कापूस पिवळा. रात्रीच फर्नांडिसला बोलावलं, आणि तो मला घ्यायला लॉजवर आला. जिन्यात म्हणाला, "बाई, काय केलंत हो हे?" मी त्याला सांगितलं. तो जिन्यातच बसला. गोव्यालाही लग्नाआधी नारळाच्या रसाने अंघोळ घालतात म्हणाला. डॉक्टरांना त्याने काय सांगितलं ते माहीत नाही. मोठ्या डॉक्टरने माझ्यापुढे मान वाकवली आणि बोटाने नको नको केलं. रागावला नाही.

त्यांनी त्याला पुसून काढलं. पण नखांत राहिली आहे. नखांतली हळद लवकर जात नाही.

परेश जिला हळदीआधी टाकून गेला त्या मोनालीचं वाईट वाटतं का, असं तुम्ही मागे एकदा मला तोडून विचारलं होतं. वाटतं. नेऱ्याला तिच्या बापाच्या, दयारामच्या दारात तुम्हाला मान खाली घालून उभं राहावं लागलं, त्याचंही वाटतं. पण ती पोर आता तिच्या घरी सुखात आहे, दयाराम तुमच्याशी बोलतो. तिन्ही वर्षं फक्त तुम्ही त्या दारात उभे आहात.

रंभा


बुसान, २१ जून

परेशचे बाबा,

कल्पेशने सांगितलं. हळदीचं पत्र तुम्ही वाचलंत, परत वाचलंत, मग कपाट उघडून माझी लुगडी जमिनीवर टाकलीत आणि पासपोर्ट त्याच्या हातात दिलात. म्हणालात, "बापाबिगर हलद लावली तिनी. आता मना जायाला पायजे." फर्नांडिसने धावपळ केली, व्हिसा झाला, शनिवारचं तिकीट झालं.

लुगडी उचलून ठेवा.

मी हे त्याला सांगितलं. कानाजवळ जाऊन म्हटलं, बाबा शनिवारी निघतात. काही हललं नाही. नर्सने माझ्याकडे बघितलं आणि त्याचा हात उचलून माझ्या हातात दिला. नखं पिवळी आहेत.

मला आनंद झाला असं लिहायला हवं. तो बहुतेक झाला आहे, कळायला वेळ लागेल. बाजारातल्या बाईने मात्र ओळखलं. मी मासळी निवडताना उलटी-सुलटी टाकत होते. तिने माझ्या हातातून टोपली काढून घेतली आणि मला गरम पाण्याचा पेला दिला.

आता नीट वाचा. खोकला असेल तर आजच डॉक्टरकडे जा. काशिरामच्या टपरीवर बसू नका, तिथे सगळे खोकतात. बाहेरचं पाणी नको, बर्फ नको, वडे तर नकोच. विमानतळावर फर्नांडिस येईल, नाही दिसला तर हिरवी, मग नारिंगी. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा. लॉजवर जमिनीवर अंथरूण असतं, तुमच्या गुडघ्यांसाठी मी खुर्ची मागून ठेवली आहे. एका वेळी एकालाच आत सोडतात, तर त्या दिवशी तुम्ही जा. मी झाडाखाली बसेन.

चढ हळू चढा असं लिहिलं होतं. ते खरंच आहे. पण फार हळू नको. डॉक्टर म्हणतात, औषध देऊनही त्याचं प्रेशर खाली खाली जातंय.

रंभा


बुसान, २५ जून, गुरुवार

परेशचे बाबा,

आज सकाळी परेश गेला.

दारात ताप बघितला, नव्हता. आत सोडलं. त्याच्याजवळ पोचले तेव्हा मशीन चालू होतं आणि नर्स दोन्ही हात पुढे बांधून उभी होती. नंतर मशीन बंद केलं. फर्नांडिसला मी रडताना बघितलं. त्याच्या बायकोने डबा करून पाठवला होता, तो मी खाल्ला, सगळा. आजारी पडायचं नाही ही सवय लागली आहे.

फर्नांडिसने तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही घेतलात, आणि काही न बोलता ठेवलात, असं तो म्हणाला. काही हरकत नाही. तिकीट रद्द करायला कल्पेशला सांगितलं आहे. तुम्ही येऊ नका. इथे येण्याचं जे जे लिहिलं, ते आता विसरलं तरी चालेल. गोळ्या तेवढ्या विसरू नका.

कागदपत्रांना चार-पाच दिवस लागतील. मग मी आणि तो एकाच विमानाने येऊ, तो खाली आणि मी वर. सहारच्या विमानतळावर माणसांच्या दारातून मी बाहेर येईन. त्याच्यासाठी सामानाचं दार वेगळं आहे, ते कल्पेश विचारून ठेवेल. तुम्ही त्या दाराशी उभे राहा, माझ्यासाठी थांबू नका. मला आता कुठूनही वाट सापडते. गाडीत पाणी ठेवा, उन्हात उभे राहू नका.

पेटी घरी उघडू देतात, मी विचारून घेतलं आहे.

लग्न न झालेला पोरगा गेला की आपल्यात त्याला हळद लावूनच नेतात, हे तुम्हाला सांगायला नको. बायका जमतील, आम्ही वाटतो म्हणतील. त्यांना वाटू देऊ नका. मी लावली ती त्याने जाऊ नये म्हणून लावली होती. तिचा उपयोग झाला नाही. ही जाण्याची आहे. ही तुम्ही वाटा आणि तुम्हीच लावा. बापाशिवाय हळद लागली असं तुम्ही म्हणाला होतात ना?

माळ्यावरच्या डब्यात हळकुंडं उरलेली आहेत. आदल्या रात्री भिजत घाला, नाहीतर फुटणार नाहीत. पाटा आधी चांगला धुऊन घ्या, दोनदा धुवा. महिनाभर तुम्ही त्यावर मिरची वाटली असेल, आणि त्याला झोंबते.

रंभा